अनुदानाच्या कागदांमधली मराठी

(‘साहित्याबाहेरचे मराठी गद्य’ या विषयावरील चर्चासत्रात दिलेले भाषण)



अकादमीचे पत्र आले तेव्हा बखरी, आज्ञापत्रे, जुना पत्रव्यवहार यांवर बोलावे असे मनात होते. वर्गात अनेक वर्षे तेच शिकवत आलो आहे. टिपणेही तयार होती. पण दिवाळीच्या सुट्टीत एक माजी विद्यार्थिनी घरी भेटायला आली आणि विषय बदलला. त्या बदलाबद्दल आपली क्षमा मागतो.

ही मुलगी मुधोळजवळच्या एका खेड्यातली. घरी मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वर थोडी उर्दू, अशी आमच्याकडची सगळीच मुले असतात. बी.ए.ला तिने मराठी घेतली होती. आता ती सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय सेवाभावी संस्थेत नोकरी करते. संस्था आरोग्यावर संशोधन करते, आणि संशोधनासाठी जो निधी मिळतो त्याचे कागदपत्र सांभाळणे हे हिचे काम. नेमणूकपत्रावर पद आहे ‘ग्रँट्स असिस्टंट’.

चहा घेताना ती म्हणाली, “सर, मी काय काम करते ते आईला सांगताच येत नाही. आई शेजारच्या काकूंना म्हणते, पोरगी दवाखान्यात आहे. काकू विचारतात, नर्स आहे का? नाही. गोळ्या-औषधं देते का? नाही. मग करते तरी काय?”

“मग तू काय सांगतेस?”

“कागदं करते म्हणते. काकू हसतात. म्हणतात, एवढं शिकून कागदंच करायची होती होय?”

आम्ही दोघेही हसलो. ती गेल्यावर मात्र मला हसू येईना. मी मराठीचा प्राध्यापक. माझ्याच विद्यार्थिनीच्या कामाला माझ्या भाषेत नाव नाही, आणि ते काम किती मोलाचे आहे हे तिच्या आईला समजेल अशा चार वाक्यांत मलाही सांगता येत नव्हते. आज ती चार वाक्ये शोधण्याचा प्रयत्न करणार आहे.

आधी ‘अनुदान’ हा शब्द घेऊ. आपण अध्यापक मंडळी हा शब्द ऐकला की ‘विनाअनुदानित’ आठवून दचकतो. शेतकऱ्याला अतिवृष्टीचे अनुदान आठवते, खात्यावर पडणारे पैसे. संशोधनाचे अनुदान या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. हे पैसे एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी, ठरावीक मुदतीत, ठरावीक बाबींवरच खर्च करण्यासाठी मिळतात. प्रत्येक रुपया कुठे गेला आणि त्यातून काय कळले, हे दोन्ही लिहून द्यावे लागते. म्हणजे हिशेब दोन असतात, पैशांचा आणि ज्ञानाचा. दोन्ही भाषेतच मांडावे लागतात. माझी विद्यार्थिनी ज्याला ‘कागदं’ म्हणते ते हेच.

हे काम प्रत्यक्षात काय करू शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. आमचा जुना आदिलाबाद जिल्हा पूर्वेला प्राणहिता नदीला टेकतो. नदीच्या पलीकडे गडचिरोली. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोघेही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले होते. संशोधन मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेतच होते, हा समज त्यांना मान्य नव्हता.

त्यांचे एक काम आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १९९३ मध्ये त्यांनी नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला. ३९ गावांत गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. प्रशिक्षणाच्या गावांत सुरुवातीला हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि हे काम देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडे गेले. आज आमच्या मुधोळच्या गल्लीत आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाचे वजन करायला येते. त्या पावलांची वाट गडचिरोलीच्या त्या ३९ गावांतून आलेली आहे.

आता माझा प्रश्न साधा आहे. ६२ आणि २५ हे आकडे आले कुठून? ते वहीतून आले. ८६ गावांत झालेला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू कोणीतरी लिहून ठेवला म्हणून आले. एखादे बाळ जन्मून तासाभरात गेले आणि घरच्यांनी ते मोजलेच नाही, तर तो मृत्यू कागदावर घडतच नाही. वही कच्ची असती, तर बाळे वाचली असती तरी ती वाचल्याचे सिद्ध झाले नसते. मग सरकारने ही पद्धत उचललीही नसती.

या कामाला मॅकआर्थर फाउंडेशन आणि फोर्ड फाउंडेशन यांचा निधी होता. म्हणजे एका टोकाला सातवी शिकलेली बाई आणि तिची नोंद, दुसऱ्या टोकाला अमेरिकेतला निधीदाता आणि लंडनचे नियतकालिक. या दोन टोकांच्या मध्ये कार्यालय असते. खेड्यातले बोलणे इंग्रजी अहवालापर्यंत आणि इंग्रजीतल्या अटी खेड्यातल्या बाईपर्यंत, अशी वाहतूक तिथून दोन्ही दिशांना चालते. डॉक्टरांची नावे लेखावर येतात आणि ती यायलाच हवीत. पण ही वाहतूक करणारी माणसे आपण मोजतच नाही.

‘सर्च’चे आणखी एक उदाहरण भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावे लागतात. गावातल्या सुइणी अनुभवी होत्या, पण साठपर्यंत आकडे मोजणे त्यांना जमत नव्हते. तेव्हा एक साधे यंत्र तयार केले गेले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी मण्यांची ओळ वेगळी, मोठ्या बाळासाठी वेगळी. मी याला उत्तम फॉर्म म्हणतो. त्यात एकही अक्षर नाही, पण तो भरणाऱ्या बाईला पूर्ण समजतो, आणि त्यात भरलेली माहिती शास्त्राला चालते. सगळ्या कागदांची परीक्षा मी आता याच दोन कसोट्यांवर करतो.

अनुदानाचा कागद कसा प्रवास करतो तेही थोडक्यात सांगतो, कारण आपल्या विद्यार्थ्यांना उद्या ही नोकरी करायची आहे.

आधी निधीदात्याची जाहिरात येते. मग संस्था दोन-तीन पानांचे संकल्पनापत्र पाठवते. ते पसंत पडले तर पूर्ण प्रस्ताव मागवतात. प्रस्तावात प्रश्न काय, तो कसा सोडवणार, किती माणसे, किती महिने, किती पैसे, हे सगळे येते. अंदाजपत्रकातल्या प्रत्येक ओळीला कारण द्यावे लागते. ‘मोटारसायकल एक’ एवढे लिहून भागत नाही. किती गावे, किती अंतर, आठवड्याला किती फेऱ्या, हे लिहावे लागते. मग नीतिसमितीची मंजुरी. परदेशी सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. औषधाची चाचणी असेल तर राष्ट्रीय नोंदवहीत नाव घालणे. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून ती सक्तीची आहे. मग करार, मग पहिला हप्ता. पुढे पावत्या, कीर्द, खतावणी, कार्यकर्त्यांना दिलेल्या तसलमातीचा हिशेब, सहामाही प्रगती अहवाल, लेखापरीक्षण. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ज्या कामासाठी मिळाले त्याच कामासाठी वापरले असे सहीनिशी लिहून देणे. त्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. आणि हप्ता अडला की सगळ्यात आधी थांबते ते गावातल्या कार्यकर्तीचे मानधन.

पाहा, या यादीत कीर्द, खतावणी, तसलमात हे शब्द किती सहज आले. हिशेबाची मराठी आपल्याकडे शतकानुशतके पिकलेली आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. १९६० नंतर महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने पदनामकोश काढला. त्यातल्या काही शब्दांची चेष्टा झाली, काहींनी त्याला ‘बदनामकोश’ही म्हटले. पण ‘जिल्हाधिकारी’सारखे शब्द त्या काळातल्या प्रयत्नांमुळेच आज सगळ्यांच्या तोंडी आहेत. म्हणजे राज्यकारभाराच्या भाषेचा विचार आपण दोनदा मनावर घेतला. संशोधनाच्या कारभाराचा विचार मात्र अजून कोणी मनावर घेतलेला नाही. तिथे एक तर इंग्रजी जशीच्या तशी उचलतात, नाही तर शब्दकोशातली संस्कृत ओततात.

शब्द चुकला तर काय होते, याची दोन उदाहरणे देतो. पहिले पैशांचे आहे. परदेशातून देणग्या घेणाऱ्या संस्थांसाठी एक कायदा आहे, विदेशी योगदान नियमन कायदा. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च पूर्वी पन्नास टक्क्यांपर्यंत करता येत असे, ती मर्यादा वीस टक्क्यांवर आणली. एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावरही बंदी आली. आता नियमांत अशी तरतूद आहे की, मुख्यतः संशोधन वा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थेत गावोगावची माहिती गोळा करणाऱ्या किंवा तिचे विश्लेषण करणाऱ्या माणसांचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. म्हणजे पगारपत्रकात एखाद्या बाईच्या नावापुढे ‘कार्यालयीन सहायक’ लिहिले तर एक हिशेब होतो, आणि ती खरोखर माहिती गोळा करत असल्याने ‘क्षेत्र-माहिती संकलक’ लिहिले तर दुसरा. खोटे लिहायचे नाहीच. पण खरे काय ते नेमके लिहिता आले नाही, तर मर्यादा ओलांडल्यासारखी दिसते आणि कोणाची तरी नोकरी जाते. वर्णनात्मक लेखन म्हणून आपण वर्गात जे शिकवतो, त्याला इतका थेट उपयोग असेल असे मला वाटले नव्हते.

दुसरे उदाहरण माणसांचे आहे, आणि ते आपल्या तेलंगणातले आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात ‘पाथ’ या आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेच्या प्रकल्पात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्यात आली. २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवण्यात आला. चौकशी झाली, आणि संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक अहवाल दिला. लस चांगली की वाईट हा प्रश्न मी इथे काढत नाही. तो माझा अधिकार नाही. चौकशीत मुलींच्या मृत्यूंचा संबंध लसीशी जोडला गेला नाही, हेही नोंदवतो. मला दिसतो तो कागद. हजारो संमतीपत्रांवर आईवडिलांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. समितीच्या अहवालात आंध्रमधल्या अशा पत्रांची संख्या २,७६३ दिली आहे. हा अभ्यास आहे, नेहमीची सरकारी मोहीम नव्हे, ही गोष्ट अनेक घरांपर्यंत पोचलीच नव्हती, असा आक्षेप होता. फाइलमध्ये मात्र संमतीपत्र होते, सही होती, तारीख होती. कागद पूर्ण होता आणि संमती नव्हती.

हे वाचून दुसऱ्यांवर बोट ठेवणे सोपे आहे. म्हणून माझी स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात बायांच्या रक्तक्षयाचा एक अभ्यास होणार होता. संस्थेचे नाव सांगत नाही. माहितीपत्रक तेलुगूत आणि इंग्रजीत आले होते, कारण राज्य तेलंगणा. आमच्या भागाचा इतिहास वरच्या कार्यालयांना माहीत असण्याचे कारण नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला, पण त्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे वगळून आंध्रकडे ठेवली. उलट आदिलाबादचे किनवट आणि राजुरा तालुके तिकडे गेले. रेघ कागदावर ओढली गेली. बायांच्या ओव्या आणि भांडणे मराठीतच राहिली. तर या बायांसाठी मराठी पत्रक हवे म्हणून रातोरात माझ्याकडे काम आले.

मी ते मोठ्या अभिमानाने केले. एक वाक्य अजून पाठ आहे. ‘सदर अभ्यासातील आपला सहभाग संपूर्णतः ऐच्छिक असून, कोणतेही कारण न देता आपण कोणत्याही टप्प्यावर तो मागे घेऊ शकता.’ व्याकरण शुद्ध, शुद्धलेखन निर्दोष. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बाया जमल्या आणि मी ते वाचून दाखवले. सगळ्या शांत बसून ऐकत होत्या. मला वाटले, समजले. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “गुरुजी, तुम्ही वाचता लई गोड. पोथी ऐकल्यासारखं वाटलं. पण रगत किती काढणार ते काही कळलं नाही.”

मी घरी येऊन पत्रक फाडले आणि पुन्हा लिहायला बसलो. या वेळी बायकोला समोर बसवले. ‘तुमच्या हातातून एकदाच, एक चमचाभर रक्त घेऊ. तुम्हाला नको वाटलं तर नको म्हणा. आज हो म्हणून उद्या नको म्हटलं तरी चालेल. नको म्हटलं म्हणून सरकारी दवाखान्यातलं औषध बंद होणार नाही.’ मूळ वाक्यात जे होते ते सगळे यात आहे. उलट एक गोष्ट जास्त आहे, नाही म्हटल्यास काय होईल याची भीती काढून टाकणारे वाक्य.

हे पत्रक कार्यालयात गेले, तर तिथून आक्षेप आला की भाषांतर मुळाबरहुकूम नाही, भाषा फारच बोलीतली आहे. तिथल्या एका तरुण कर्मचाऱ्याने ते दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घेतले, दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवले आणि अर्थ एकच असल्याचे समितीला दाखवून दिले. माझी साधी वाक्ये त्याच्यामुळे वाचली. त्याचे पदही ‘असिस्टंट’ असेच काहीतरी होते.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. तिच्यातले दोन-तीन शब्द सांगतो. अभ्यासात कोणाला कोणते औषध द्यायचे हे संगणक ठरवतो, मनाने कोणी निवडत नाही. यासाठी पुस्तकात ‘यादृच्छिक’ असा शब्द आहे. तो मलाही दोनदा वाचावा लागतो. ‘चिठ्ठी टाकून’ म्हटले की लगेच समजते. पण त्यात एक खोच आहे. चिठ्ठी म्हटले की ‘नंबर लागला’ असे वाटते, म्हणजे ज्याची चिठ्ठी निघाली त्याला चांगले औषध. म्हणून पुढे एक वाक्य जोडावे लागते, ‘कोणतं औषध जास्त चांगलं हे अजून आम्हालाच माहीत नाही, तेच शोधायचं आहे.’ दुसरा शब्द ‘तपासणी’. संशोधनाला गावात सर्रास तपासणी म्हणतात. ऐकायला सोपे, पण दिशाभूल करणारे. तपासणी माझ्या आजारासाठी असते. अभ्यास सगळ्यांसाठी असतो आणि त्यात माझा लगेच फायदा होईलच असे नाही. इथे सोपा शब्दच चुकीचा ठरतो. तेव्हा प्रश्न केवळ सोप्या भाषेचा नाही, खऱ्या भाषेचा आहे.

तिसरा शब्द माझ्या वहीत त्या विद्यार्थिनीने घातला. तिच्या संस्थेत बाळंतिणींना वर्षभर ठरावीक महिन्यांनी भेटून आई आणि बाळाची नोंद ठेवायचे काम चालू होते. सहामाही अहवालात एक रकाना असतो, ‘लॉस्ट टू फॉलोअप’. पाठपुराव्यातून सुटलेल्या. एका सहामाहीत तो रकाना बराच फुगला. वरिष्ठ म्हणाले, आकडा लिही आणि पाठवून दे. हिने गावातल्या कार्यकर्तींच्या मूळ वह्या काढल्या. तिथे लिहिले होते, ‘तोडीला गेली’, ‘कारखान्यावर आहे, पाडव्याला येईल’, ‘पोटापाण्यासाठी गेली’.

ती मला म्हणाली, “सर, त्या हरवल्या नव्हत्या. कुठे गेल्या, कधी येणार, सगळं वहीत लिहिलेलं होतं. इंग्रजीत गेल्यावर त्या हरवल्या.”

तिने अहवालाला एक पान जोडले. या बाया ऊसतोडीला गेल्या आहेत, हंगाम संपल्यावर परततील, भेटींचे वेळापत्रक पुढे सरकवावे आणि प्रवासखर्चातले शिल्लक पैसे त्या भेटींसाठी वापरू द्यावेत, अशी विनंती केली. निधीदात्याने परवानगी दिली. हंगाम संपल्यावर कार्यकर्त्या पुन्हा त्या घरी गेल्या आणि बहुतेक जणी भेटल्या. त्यांतल्या एका बाळाचे वजन कारखान्यावरच्या महिन्यांत जवळजवळ वाढलेलेच नव्हते. त्याला दवाखान्यात नेले. रकान्यात ‘लॉस्ट’ एवढेच लिहिले असते तर त्या घरी कोणी गेलेच नसते.

श्रोतेहो, हे काम मराठीला परके नाही. आपल्या गद्याची सुरुवातच अशा कामातून झाली. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करण्यासाठी म्हाइंभट गावोगाव हिंडले. ज्यांनी पाहिले, ज्यांनी ऐकले, त्यांना गाठून विचारले, लिहून घेतले, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. त्यातून ‘लीळाचरित्र’ झाले. माणसाच्या तोंडून निघालेले बोलणे जसे आहे तसे टिपायचे आणि मग ते खरे आहे का हे तपासायचे, ही शिस्त आपल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथातच आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातली कर्करोगाची नोंदणी चालते, देशातली अशी पहिलीच. तिचे कर्मचारी गावोगाव जाऊन कोणाला काय दुखते आहे हे विचारून घेतात. ते वाचताना मला म्हाइंभटच आठवले.

म्हणून तीन सूचना करतो आणि थांबतो. पहिली, पदवीच्या मराठी अभ्यासक्रमात उपयोजित मराठी म्हणून आपण अजून जाहिरात आणि बातमी शिकवतो. त्याला माहितीपत्रक, संमतीपत्र आणि प्रगती अहवाल जोडावेत. विद्यार्थ्याने लिहिलेले संमतीपत्र प्राध्यापकाने नव्हे, गावातल्या एखाद्या आजीने तपासावे. दुसरी, अकादमीने आरोग्य-संशोधनाच्या शब्दांचा एक छोटा कोश करावा. प्रत्येक शब्दापुढे पर्याय आणि तो वापरताना काय गैरसमज होतो, हे दोन्ही असावे. मुधोळ, किनवट, देगलूर, राजुरा इथल्या बोलींतले शब्दही त्यात यावेत. तिसरी आपल्यासाठी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्रत्येक नीतिसमितीवर वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा, स्थानिक भाषा जाणणारा एक सामान्य सदस्य लागतो. ती खुर्ची मराठीच्या शिक्षकाने मागून घ्यावी. तिथे बसून फार विद्वत्ता दाखवावी लागत नाही. ‘हे वाक्य माझ्या आईला कळेल का?’ एवढे दर वेळी विचारावे लागते.

२०२४ मध्ये मराठी अभिजात ठरली. आनंदच आहे. पण जी भाषा रक्त किती काढणार हे बाईला सांगू शकत नाही, तिचा अभिजातपणा त्या बाईच्या काय कामाचा?

परवा त्या विद्यार्थिनीला फोन करून म्हटले, आईला देण्यासाठी चार वाक्ये सापडली आहेत, लिहून घे. ‘आई, आजार कशाने होतो, कशाने बरा होतो, हे आमची माणसं गावागावात शोधतात. त्यासाठी लोक पैसे देतात. त्या पैशांचा आणि लोकांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचा खरा हिशेब मी ठेवते. माझ्या वहीत चूक झाली तर कोणाचं तरी बाळ मोजायचं राहून जातं.’

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सर, आईला सांगते. शेजारच्या काकूंनाही सांगते.”